खिशातला धातू : जुन्नर-आंबेगावच्या वाटेवरचा एक प्रश्न



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस धातूंवर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण हा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या गळ्यात पडला. काही विद्यार्थ्यांबरोबर नाणेघाटात गेलो होतो. त्यातल्या एकाने खिशातून करंगळीएवढी एक वस्तू काढली. तिला बाटली उघडायची खाच होती, स्क्रू ड्रायव्हरचं टोक होतं, दोरी कापायचं छोटं पातं होतं आणि किल्ल्या अडकवायची कडी होती. टायटॅनियमची वस्तू. त्याने कौतुकाने माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "सर, रोज जवळ बाळगायच्या वस्तूसाठी सगळ्यात चांगला धातू हाच ना?" मी तेव्हा घाट चढत होतो, धाप लागली होती, म्हणून उत्तर देण्यातून सुटलो. (हशा) आज ते उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. आणि ते जुन्नर-आंबेगावच्याच मातीतून शोधू, कारण प्रश्न तिथे विचारला गेला आणि, तुम्ही पाहालच, त्या भागाने या प्रश्नावर फार जुना विचार करून ठेवलेला आहे.

'चांगला' म्हणजे काय?

सुरुवातीला थोडं तत्त्वज्ञान सहन करा, मग आपण लोहाराच्या भात्याकडे जाऊ. पीटर गीच नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५६ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. 'तांबडा चाकू' म्हटलं तर चाकू म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसालाही तांबडेपणा दिसतो. पण 'चांगला चाकू' म्हटलं, की चाकू कशासाठी असतो हे माहीत असल्याशिवाय 'चांगला' या शब्दाला अर्थच येत नाही. मग 'चांगला धातू' म्हणजे काय? नुसत्या धातूला काम नसतं. काम वस्तूला असतं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न अर्धाच होता.

ही गोष्ट ग्रीकांनाही ठाऊक होती. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्याच प्रकरणात सॉक्रेटिस म्हणतो, की द्राक्षाच्या वेलीची फांदी खंजिरानेही तोडता येते, दुसऱ्या कुठल्या सुरीनेही तोडता येते, पण छाटणीसाठीच घडवलेल्या हत्याराने ती जितकी नीट तुटते तितकी कशानेच नाही. नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. एप्रिलमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, अशी वर्षातून दोनदा तो छाटणी करतो.

ॲरिस्टॉटल पुढे जातो. 'पॉलिटिक्स'मध्ये तो डेल्फीच्या सुरीचा उल्लेख करतो. एकाच वस्तूकडून अनेक कामं करून घेण्याचा कंजूसपणा कारागीर करतात, निसर्ग करत नाही. निसर्ग एका कामाला एक वस्तू देतो, असं त्याचं म्हणणं. माझ्या विद्यार्थ्याच्या खिशातली वस्तू या डेल्फीच्या सुरीचीच वंशज. पण ॲरिस्टॉटलला एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याच्या घरात भिंतीला दहा हत्यारं टांगलेली आहेत त्याचं ठीक आहे. जो माणूस सकाळी डोंगरात जातो आणि अंधार पडल्यावर परततो, त्याने कमरेला किती हत्यारं बांधायची? रोज जवळ बाळगायच्या वस्तूंचा इतिहास हा या अडचणीचा इतिहास आहे. वजन कमी हवं, कामं जास्त व्हायला हवीत, आणि वाटेत मोडलं तर निस्तरता आलं पाहिजे.

धातू नसलेला मुलूख

आता जुन्नर-आंबेगावकडे वळू. या दोन तालुक्यांच्या जमिनीबद्दल पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की इथे धातू नाही. सगळा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर. या पाषाणात लेणी कोरता येतात, किल्ले बांधता येतात, पण तांबं, कथील, शिसं यांची खाण इथे निघत नाही. पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोट्या मात्र भरपूर.

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी घोड नदी आंबेगाव तालुक्यातून वाहत पुढे शिरूरमध्ये जाते. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गाव आता याच नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. नदीच्या खालच्या अंगाला इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. या काळाला आपण ताम्रपाषाणयुग म्हणतो. नाव ऐकून वाटतं, की घरोघरी तांबं असेल. प्रत्यक्षात तांब्याच्या वस्तू मोजक्या, आणि कॅल्सेडनी नावाच्या गारगोटीच्या बारीक पाती मुबलक. तांबं दुरून यायचं, महाग पडायचं. कापायचं काम दगडाचं पातं उत्तम करत होतं, आणि बोथट झालं तर टाकून नवं काढता येत होतं. म्हणजे घोड नदीच्या काठच्या माणसाला 'रोज जवळ ठेवायला काय चांगलं' असं विचारलं असतं, तर बहुधा त्याने धातूचं नावच घेतलं नसतं!

नंतर धातू आला तो घाटातून. रोमन लेखक प्लिनी लिहितो, की भारताकडे ना तांबं-कांसं आहे ना शिसं, आणि ते घेण्यासाठी भारतीय लोक रत्नं आणि मोती देतात. संपूर्ण भारताबद्दल हे चूक आहे. पण दख्खनच्या आपल्या या पट्ट्यापुरतं ते फारसं खोटं नाही. 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक खलाशाचं पुस्तक आहे, त्यात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबं, कथील, शिसं ही तिन्ही नावं येतात. कोकणातल्या बंदरांतून वर देशावर येणारी एक मोठी वाट नाणेघाटाची. तिथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, आणि दगडी रांजण आहे, ज्यात जकात टाकत असत असं लोक सांगतात.

माल वर आला, की घडवणारे हात लागतात. ते हात जुन्नरला होते, याचा पुरावा दगडात आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात एका दात्याने आपल्या देणगीची रक्कम दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. एक श्रेणी वेळूकाम करणाऱ्यांची आणि दुसरी 'कासाकारां'ची, म्हणजे कांशाचं काम करणाऱ्यांची. आपला 'कासार' हा शब्द त्याच कुळातला. कासारांच्या संघटनेकडे पैसे ठेवावेत आणि त्याचं व्याज धर्मकार्याला चालू राहावं, इतका विश्वास त्या काळी त्यांच्यावर होता. ज्या मुलुखात धातूची खाण नाही, तिथे धातू घडवणाऱ्यांची पत खाणीइतकीच मोलाची होती.

त्या काळातल्या माणसाच्या कनवटीला काय असेल? नाणी असणारच. आणि सातवाहनांची रोजची नाणी पाहिली तर त्यांत चक्क शिसं आहे, पोटिन आहे, तांबं आहे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, साध्या भट्टीत. पण मऊ, लवकर झिजणारं. चांदी मोठ्या व्यवहाराला. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरच्या मानमोडीच्या लेण्यांत आहे. त्याच नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला सापडला. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा नव्याने उठवलेला होता. राज्य बदललं, चांदी तीच राहिली. या गोष्टीकडे मी नंतर परत येणार आहे. धातूचा एक गुण असा, की तो मालक बदलल्यावर नवा आकार घेतो.

चंची उघडून बघू

आता आपल्या आठवणीच्या टप्प्यात येऊ. माझ्या पिढीने आजोबांची चंची पाहिलेली आहे. कापडी, गुंडाळायची, कप्प्याकप्प्यांची. तिचं कौतुक करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सुपारी आणि तंबाखू यांनी तोंडाचा कर्करोग होतो, आणि त्या चंचीने किती घरांतली माणसं नेली हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी पानाची तरफदारी करत नाही. मला फक्त त्या चंचीत कुठली वस्तू कुठल्या धातूची होती, ते पाहायचं आहे.

अडकित्ता. त्याचे दांडे पितळेचे असोत की लोखंडाचे, पातं मात्र पोलादी. सुपारी कठीण, तिथे पितळेची धार एका दिवसात मुडपेल. दांडा पितळेचा का? तो हातात राहतो, घामाने गंजत नाही, ओतून त्याला मोराचा किंवा घोड्याचा आकार देता येतो. म्हणजे एकाच वस्तूत दोन धातू, आणि प्रत्येकाला त्याला जमेल ते काम.

चुन्याची डबी. ही पितळेची. ओला चुना तीव्र अल्कली असतो. पितळेचं तो फारसं बिघडवत नाही. अल्युमिनियमच्या डबीत ओला चुना ठेवून बघा. अल्युमिनियमवर एक पातळ संरक्षक थर असतो, तो चुन्यात विरघळतो, आणि डबी आतून खाल्ली जायला लागते. वजनाच्या हिशेबात अल्युमिनियम पितळेच्या एक तृतीयांशही भरत नाही, पण या कामाला नालायक.

कानकोरणं. ज्याला परवडेल तो चांदीचं घ्यायचा. कानाच्या कातडीला लागायचं, म्हणून मऊ आणि गंज न धरणारं.

आणि चकमक. काडेपेटी सर्रास मिळायच्या आधी माणसं गारगोटी, पोलादाचा एक तुकडा आणि कापूस जवळ ठेवत. गारगोटी तर पायाखालीच. पण ठिणगी गारगोटीची नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गारगोटीच्या धारेने पोलादाचा केसाएवढा कण खरवडला जातो, तो घर्षणाने तापतो आणि हवेत जळतो. आपण पाहतो ती जळणाऱ्या लोखंडाची ठिणगी. पितळ मारलं तर काही होत नाही. मऊ लोखंड मारलं तरी जेमतेम. कार्बन असलेलं, पाणी पाजलेलं पोलादच लागतं. लोखंड गंजतं, म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी त्याची जवळीक आहे, हा त्याचा दोष. चकमकीत तोच दोष माणसाला विस्तव देतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीही धातू असे वागणुकीवरून ओळखले. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात धातूंचे तीन गट आहेत. सोनं, चांदी, तांबं, लोखंड हे शुद्धलोह. शिसं आणि कथील हे पूतिलोह, म्हणजे वास येणारे. आणि पितळ, कांसं वगैरे मिश्रलोह. लोखंडाचे पुन्हा मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे प्रकार. 'तीक्ष्ण' म्हणजे धार धरणारं. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' तर सोन्याला पृथ्वी मानतच नाही, तेजात घालतो, कारण कितीही तापवलं तरी त्याचं द्रवपण जळून जात नाही. आजच्या रसायनशास्त्रात हे बसणार नाही. पण पद्धत पाहा. वस्तू आगीत काय करते, हवेत काय करते, हे आधी पाहायचं आणि मग तिला नाव द्यायचं.

हिरडा आणि मोरचूद

या दोन तालुक्यांतून दोन उदाहरणं देतो, एक पश्चिमेचं आणि एक पूर्वेचं.

पश्चिमेला डोंगर आहे, तिथे महादेव कोळी समाजाची गावं आहेत. तिथला हिरडा प्रसिद्ध. पावसाआधी बाळहिरडा गोळा करून वाळवायचा आणि विकायचा, हे अनेक घरांचं रोख उत्पन्न. रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला लाकडी आकडी, आणि आकडीत कोयता. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. ते लोखंडाला लागलं, की काळंभोर होतं. हिरडा आणि लोखंड यांपासून कापडाला काळा रंग देतात, तीच ही क्रिया. नव्याने राहायला आलेल्याला वाटतं, की कोयता खराब झाला. खरं तर तो काळा थर गंजाला थोडा आडच येतो. जुन्या लोखंडी वस्तू जतन करणारे लोक आज मुद्दाम टॅनिक आम्ल लावतात.

पूर्वेला नारायणगावकडे द्राक्षबागा. द्राक्षावर केवडा म्हणजे डाऊनी पडतो, त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने मांडलं. आता यात खुबी अशी, की चुना कमी पडला तर मिश्रण आम्लधर्मी राहतं आणि पानं भाजतात. बागेत उभं राहून हे ओळखायचं कसं? खिशातला चाकू किंवा विळा चकचकीत घासून मिश्रणात थोडा वेळ बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळं आहे, आणखी चुना घाला. थर चढला नाही, तर फवारायला हरकत नाही. लोखंड द्रावणातलं तांबं स्वतःवर ओढून घेतं, म्हणून ही परीक्षा चालते. स्टेनलेसचं पातं या कामी भरवशाचं नाही, कारण त्याच्यावरचा क्रोमियमचा थर त्याला सगळ्यापासून अलिप्त ठेवतो. आणि याच कारणाने मोरचूद लोखंडी भांड्यात कालवत नाहीत, जुने फवारणी पंप पितळेचे असायचे.

मला हे उदाहरण फार आवडतं. बाजारात लोखंडी चाकू आणि स्टेनलेस चाकू शेजारी ठेवले, तर न गंजणारा चांगला असं कोणीही म्हणेल. पण त्या बागेत, त्या सकाळी, गंजणारा चाकू शेतकऱ्याशी बोलतो आणि न गंजणारा गप्प बसतो.

लोहाराचं बलुतं, कासाराची मोड

धातूच्या निवडीत आणखी एक गोष्ट आहे, ती रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. ती म्हणजे, ही वस्तू बिघडली तर जायचं कोणाकडे?

लोहार बलुतेदार होता. सुगीला धान्य द्यायचं आणि वर्षभर विळे, कोयते, कुऱ्हाडी, फाळ त्याच्याकडून करून आणि दुरुस्त करून घ्यायचे. म्हणजे लोखंडाची दुरुस्ती आगाऊ भरलेली होती. त्यामुळे लोखंड घेणं परवडायचं. कोयत्याची धार गेली, तर तो शेवटून आणायचा. लोहार तापवून ठोकायचा, पातं पातळ करायचा, पुन्हा पाणी पाजायचा. कोयता दरवर्षी थोडा लहान होत जायचा, मोठा कोयता शेवटी विळ्याच्या कामाला लागायचा. पितळ मात्र बाजारातलं. कासाराकडे रोख पैसे मोजायचे. पण पितळेला मोड होती. जुनी डबी, जुना फिरकीचा तांब्या द्यायचा, वजनाने पैसे वळते व्हायचे. पितळेची वस्तू म्हणजे खिशातली छोटी बचत. जोगळटेंभीच्या चांदीची आठवण होते ना? मालक बदलतो, आकार बदलतो, धातू टिकतो.

ही व्यवस्था सोन्यासारखी होती असं मी म्हणणार नाही. लोहाराच्या मुलाला लोहारच व्हावं लागायचं. सुगी बुडाली तर बलुतंही बुडायचं, आणि मानाच्या पंगतीत त्याची जागा कुठे असायची हे सांगायला नको. तिथे परत जायचं नाही. पण ती व्यवस्था जाताना तिच्याबरोबर एक ज्ञानही गेलं, त्याची नोंद घ्यायला हवी.

लोखंड तरी कुठून यायचं? महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड काढायचे. त्याला लाकडी कोळसा प्रचंड लागायचा. एकोणिसाव्या शतकात जंगलावर बंधनं आली, विलायती स्वस्त लोखंड बंदरात उतरलं, आणि हा धंदा बसला. पुढे गावच्या लोहाराने आपला कच्चा माल भंगारात शोधला. मोटारगाडीच्या कमानीचा पाटा मिळाला, की कोयता. जुनी कानस मिळाली, की सुरी किंवा पटाशी. हे नुसतं 'चालवून घेणं' नव्हतं. पाट्याच्या पोलादात मध्यम कार्बन असतो, ते चिवट, झाडावर आपटलं तरी मोडत नाही. कानशीत कार्बन जास्त, धार बारीक धरते पण पडली तर तुकडा उडतो. बांधकामाची सळई यातल्या कशालाच चालत नाही, हे त्याला सहाणेवरच्या ठिणगीवरून आणि ठोक्याच्या आवाजावरून समजायचं. प्रयोगशाळा नाही, पुस्तक नाही. पण 'कुठल्या वस्तूला कुठला धातू' या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कानात होतं.

न गंजणारं युग

मग आलं स्टेनलेस. १९१३ साली शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली या माणसाने तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेलं पोलाद ओतलं आणि ते गंजत नाही असं त्याच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात त्याने काय केलं, हे इथल्या स्त्रियांना विचारा. पितळेला कल्हई लावा, चिंचेने घासा, ताक कळकलं तर फेकून द्या, या सगळ्यातून सुटका झाली. ही सुटका खरी आहे, तिच्याकडे तुच्छतेने पाहणारे बहुतेक पुरुष असतात. (हशा)

पण 'स्टेनलेस' हे एक नाव असलं तरी धातू अनेक आहेत. वाट्या-ताटांचं स्टेनलेस पाणी पाजून कठीण होत नाही. त्याचा चाकू केला तर चमकतो, पण धार टिकत नाही. चाकूला वेगळं, जास्त कार्बनचं स्टेनलेस लागतं. दुकानात दोन्ही सारखेच चमकतात. इथे ग्राहक फसतो, आणि त्याला सांगायला आता लोहार नसतो.

विजेरीचंही असंच. आपण तिला 'बॅटरी' म्हणतो. या भागात रात्री मोटर चालू करायला शेतात जावं लागतं, उसात बिबट्या असतो, त्यामुळे बॅटरी ही चैन नव्हे. जुन्या बॅटऱ्या पितळी होत्या. पितळ पत्र्याचं नळकांडं सहज होतं, त्याला आटे चांगले पडतात, ते पावसात गंजत नाही, आणि बॅटरीचं अंगच वीज वाहून नेतं, वेगळी तार लागत नाही. आता अल्युमिनियमच्या आल्या, कारण प्रखर दिव्याची उष्णता बाहेर काढायला तो धातू चांगला, आणि हलका. इथे बदल योग्यच झाला. काम बदललं, म्हणून धातू बदलला. हेच अल्युमिनियम चुन्याच्या डबीत वाईट आणि बॅटरीत चांगलं.

आता टायटॅनियम. घनता साडेचार, पोलादाची सुमारे आठ, पितळेची साडेआठ. पोलादाच्या बरोबरीची ताकद निम्म्याच्या आसपास वजनात. घामाने, समुद्राच्या पाण्याने काही होत नाही. निकेलने ज्यांच्या कातडीला खाज सुटते त्यांना याचा त्रास नाही, म्हणून हाडातही बसवतात. कच्चा माल आपल्याकडे आहे. केरळच्या किनाऱ्यावर आहे, आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट आहे. केरळात चवरा इथे टायटॅनियम स्पंज तयार करण्याचा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. म्हणजे धातू परका नाही.

पण धार? टायटॅनियमचं पातं पोलादासारखी धार धरत नाही. आणि दुरुस्ती? उघड्या भट्टीत लाल केलं, तर ते हवेतला प्राणवायू आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. जोड द्यायचा तर हवा दूर ठेवून, आर्गॉन वायूच्या आच्छादनात द्यावा लागतो. घोडेगाव किंवा ओतूरच्या साध्या वेल्डिंगच्या दुकानात हे काम होत नाही. मोड तर विचारूच नका. भंगारवाला हातात घेऊन म्हणेल, हलकं आहे, अल्युमिनियमच्या भावाने देतो!

तर उत्तर काय?

माझ्या विद्यार्थ्याला मी आज असं सांगेन. 'सगळ्यात चांगला धातू कोणता' असं विचारू नकोस. तीन प्रश्न विचार. पहिला, या वस्तूला रोज काय शिवणार आहे? चुना, घाम, हिरडा, मोरचूद, कातडी, पाऊस? दुसरा, हिने नेमकं काय करायचं आहे? कापायचं, धरायचं, वीज न्यायची, की नुसतं टिकायचं? आणि तिसरा, ही बिघडली किंवा नकोशी झाली तर तुझ्या गावापासून एका दिवसाच्या वाटेवर कोणी आहे का, जो तिचं काही करू शकेल?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आता छापील मिळतात, आणि ती बहुधा बरोबर असतात. किल्ल्यांच्या कडीला, चिमट्याला, कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूला टायटॅनियम घे, खुशाल घे. ओल्यात वापरायचा चाकू असेल तर कठीण होणारं स्टेनलेस घे. डबी, शिट्टी, पेन असेल तर पितळ, ते हाताळून गुळगुळीत होतं आणि त्याला मोड आहे. पण रोज कापायचं असेल, आणि वापरून पुसून ठेवायची सवय असेल, तर पाट्याच्या पोलादाचं पातं अजूनही हरत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र छापील मिळत नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं. जुन्नरच्या त्या दात्याने आपले पैसे कासाकारांच्या श्रेणीकडे ठेवले, तेव्हा त्याने धातू निवडला नाही, माणसं निवडली. हे कारागीर उद्या इथेच असतील असा त्याचा हिशेब होता. आज आपण खिशातली वस्तू निवडताना बहुतेक वेळा असा हिशेब उलटा करतो. कोणाकडेही जावं लागू नये, म्हणून न मोडणारी वस्तू घेतो. ती मोडत नाही हे खरं. पण भट्टी पेटत नाही, मुलगा शिकत नाही, आणि एक दिवस कोयता घेऊन गेलो तर शेवटून द्यायला कोणी नसतं. मग कोयताही विकतच आणायचा, आणि कुठल्या पोलादाचा ते विचारायचं नाही.

घरी गेल्यावर एक करून बघा. खिसा किंवा पर्स रिकामी करा. प्रत्येक धातूची वस्तू वेगळी ठेवा, आणि तिच्यापुढे हा तिसरा प्रश्न विचारा. त्या विद्यार्थ्याने परवा मला फोन करून सांगितलं, की त्याने हे केलं. त्याच्याकडे सात वस्तू निघाल्या. त्यातली एकच दुरुस्त होऊ शकली असती, आणि ती त्याच्या आजीची होती. चांदीचा छल्ला, कमरेला किल्ल्या अडकवायचा.